खिशाच्या झाकणाखालचा रंग

मित्रांनो, मी एक जुना फौजी सदरा आहे. माझ्यावर काय काय आहे ते आधी मोजून सांगतो. खिसे दोन, दोघांचीही झाकणं एके काळी टाके घालून बंद केलेली. बटणं सहा, त्यांपैकी चार मूळची, दोन नंतर लावलेली, आणि त्या दोनांतलं एक निळं. ठिगळं तीन. इस्त्रीच्या टोकाचा तपकिरी डाग एक. खांद्यावरच्या पट्ट्या दोन, पैकी उजवी अर्धी उसवलेली. आता रंग किती, ते मात्र मला इतक्यात सांगता येणार नाही. ही सगळी गोष्ट त्याच प्रश्नाची आहे.

लष्कराच्या कपड्यांच्या कारखान्यात मला शिवलं. कापड जाड सुती ड्रिलचं, म्हणजे ज्याच्यावर बारीक तिरप्या रेघा दिसतात ते. नवा असताना मी इतका कडक होतो की माझी बाही वाकवली की पापड मोडल्यासारखा आवाज यायचा. १९७१ साली मी खानदेशातल्या बाजीराव नावाच्या जवानाच्या हाती पडलो, आणि थोड्याच दिवसांत आम्ही दोघं पूर्वेच्या आघाडीवर गेलो. तिथे भाताची शेतं होती, नद्या होत्या, आणि छातीपर्यंत पाणी होतं. मी भिजलो, अंगावरच वाळलो, पुन्हा भिजलो, आणि तेवढ्यात युद्ध संपलं. बाजीराव धडधाकट परत आले. मीही आलो.

नोकरी संपल्यावर ते बिऱ्हाड घेऊन सुरतेला आले. पांडेसऱ्यात कापड रंगवण्याच्या एका मिलच्या फाटकावर त्यांना पहारेकऱ्याचं काम मिळालं. मिलवाले गणवेश देत नव्हते, म्हणून ते मलाच घालून जायचे. ट्रकवाले त्यांना "मेजर" म्हणायचे आणि फाटकातून जाताना गमतीने सलाम ठोकायचे. बाजीराव तो खराच समजून परत करायचे. माझ्या आयुष्यातले ते मानाचे दिवस. पुढे ते थकले, वारले, आणि माझ्या घड्या करून मला टेबलावर इस्त्रीखाली घातलं. तो तपकिरी डाग तेव्हाचा.

मग एके दिवशी सिनेमा आला.

बाजीरावांचा नातू लोकेश भरतकामाच्या मशीनवर कामाला. एकाहत्तरच्या युद्धावरच्या सिनेमाचं चित्रीकरण सुरतेजवळच्या ओलपाडच्या पलीकडे, खाडीकाठच्या चिखलात होणार होतं आणि जवान म्हणून पळायला सडपातळ मुलं हवी होती. लोकेशची निवड झाली. "मिशी चालेल म्हणाले, पोट चालणार नाही," असं तो शेजारच्या ढेरपोट्या मित्राला मुद्दाम मोठ्याने सांगत होता. निवडीच्या वेळीच तो बोलून गेला की आमच्या घरात आजोबांचा खरा सदरा आहे.

दुसऱ्याच दिवशी सिनेमाचे कपडे बघणाऱ्या मनीषा सुरतेतल्या डिंडोली भागात आमच्या घरी आल्या. बाई मोठ्या काटेकोर. पट्ट्याचं बक्कल चुकीच्या सालातलं आहे म्हणून त्यांनी खोकंच्या खोकं परत पाठवलं होतं. एका जवानाच्या पाण्याच्या बाटलीचं झाकण प्लास्टिकचं निघालं, तर त्यांनी त्याला रांगेतून बाहेर काढलं होतं. मला त्यांनी दोन्ही हातांवर घेतलं, तान्ह्या मुलाला घेतात तसं.

बाजीरावांच्या पत्नी केशरबाई घरात अहिराणीच बोलतात. त्या संकोचून म्हणाल्या, "इस्तरीखाल व्हता तो. धुईसन देऊ का?"

"नको आजी, धुऊ नका. जसा आहे तसाच हवाय मला. असा खरा सदरा मला आख्ख्या मुंबईत मिळाला नाही."

इतकी वर्षं इस्त्रीचे चटके सोसल्यावर हे ऐकलं आणि मी किती फुललो ते तुम्हाला काय सांगू.

लोकेशची मोठी बहीण चैताली रसायनशास्त्र शिकलेली. ती पांडेसऱ्यातल्याच एका रंगाईच्या मिलमध्ये प्रयोगशाळेत काम करते. तिच्या ओळखीने सदऱ्यांच्या कापडाचं काम त्या मिलला मिळालं. अट एकच पण मोठी होती. सिनेमात गाव जळताना दाखवायचं होतं आणि सहा जवान त्या आगीला खेटून पळणार होते. म्हणून कापड दिसायला माझ्यासारखं हवं, पण ज्योत लागली तर पेटत जाता कामा नये.

चैतालीने माझ्या पाठीच्या आतून, जिथे रंग कमी उडाला होता तिथून, रंगाचं माप घेतलं. मिलचे रंगाई मास्टर कुंदन यांनी तो रंग बसवला. नंतर कापडाला एका क्षाराच्या पाण्यातून काढलं आणि सुकवलं. हा क्षार धाग्यांत बसून राहतो आणि ज्योत पसरू देत नाही. कापड त्याने कडक होतं. चैतालीने पट्टी कापून उभी टांगली, खालून ज्योत लावली, काढली. पट्टी काळी पडली आणि विझली. तिने तसा कागद सही करून दिला. त्या सहा जवानांत आपला भाऊ आहे हे तिला माहीत होतं, म्हणून तिने तीनदा पट्टी जाळून पाहिली होती.

इथे पांडेसऱ्यातली एक रीत तुम्हाला सांगायला हवी. गिऱ्हाइकाला तिथे पार्टी म्हणतात, आणि पार्टी जे सॅम्पल देते तो शेवटचा शब्द. त्यावर वाद नाही. सॅम्पलला डाग असेल तर मास्टर फक्त एवढंच विचारतो, की डाग पण पाहिजे का. ह्या रीतीवर तिथली शेकडो घरं चालतात आणि कामं वेळेवर होतात. ह्या कामात सॅम्पल मी होतो.

सदरे शिवून झाले. मनीषांनी एक उचलून माझ्या शेजारी धरला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"रंग बरोबर आहे हो मास्टर. पण हे कोरे दिसतात. दुकानातून आत्ता आणल्यासारखे. ह्याचे खांदे बघा कसे उडालेत, शिवणी कशा पांढऱ्या पडल्यात. हे युद्ध बघून आलेलं कापड आहे. तसं पाहिजे."

"म्हणजे सॅम्पलसारखं?"

"अगदी सॅम्पलसारखं."

"थई जशे, बेन," कुंदन मास्टर म्हणाले. होऊन जाईल.

आणि झालं. सदरे धुलाईच्या ड्रममध्ये गेले, दगडांबरोबर गरगर फिरले आणि बाहेर आले ते हुबेहूब माझ्यासारखे. मऊ, फिके, थकलेले. त्या दिवशी मीसुद्धा त्यांच्याकडे कौतुकाने पाहिलं. मित्रांनो, आपल्यासारखं कुणी दिसलं की आपली अक्कल जरा कमी चालते. चैताली तेव्हा प्रयोगशाळेत दुसऱ्या मालात गुंतली होती. रंग आधीच पास झालेला, कागद दिलेला. धुलाईचं तिला सांगायला हवं असं कुणालाच वाटलं नाही.

चित्रीकरणाच्या आदल्या दिवशी लोकेश मला घरी घेऊन आला. बरोबर एक नवा सदराही होता, बाही फाटली म्हणून बाद केलेला. "आजी, हा तुझ्यासाठी. फडकं कर," तो म्हणाला. मला भिंतीवरच्या खिळ्याला टांगलं, बाबासाहेबांच्या तसबिरीच्या जरा खाली. दुसऱ्या दिवशी सकाळी लोकेश लवकर निघून गेला. चैताली सुटी असल्यामुळे घरीच होती आणि चहा घेत होती. केशरबाई भाकरी थापत होत्या. तवा उतरवायला त्यांनी त्या नव्या सदऱ्याची बाही हाताला गुंडाळली. तिचं एक टोक गॅसच्या ज्योतीवर लोंबलं.

ते पेटलं.

साध्या कापडासारखं पेटलं, पिवळ्या ज्योतीने, आणि ज्योत सरळ वर चढू लागली. केशरबाईंनी ते मोरीत फेकलं आणि वर बादली ओतली. "काही नही व्हयनं माले," त्या म्हणाल्या. पण चैताली त्यांच्याकडे बघत नव्हती. ती मोरीतल्या काळ्या चिंधीकडे बघत होती. हातातला कप तिने इतका हळू खाली ठेवला की आवाज झाला नाही.

तिने उरलेलं कापड बोटांत चोळलं. मऊ होतं. तिने दिलेलं कापड मऊ नव्हतं.

लोकेशचा फोन बंद लागला. चित्रीकरणाच्या जागी सगळ्यांचे फोन काढून घेतात. मनीषांचाही बंद. तिने कुंदन मास्टरांना फोन लावला.

"मास्टर, सदऱ्यांना धुलाई दिली?"

"दिली ना. पार्टीला सॅम्पलसारखं पाहिजे होतं."

"क्षार लावल्यानंतर?"

"हो. शिवून झाल्यावर, ड्रममध्ये."

"मास्टर, तो क्षार पाण्यात विरघळतो."

"मी येतो," ते म्हणाले. "गाडी घेऊन येतो. तू खाली ये."

निघताना चैतालीने मला खिळ्यावरून ओढलं. ती मला पिशवीत कोंबत असताना केशरबाईंनी विचारलं, "त्याले कसाले नेस?"

"आजी, मनीषाताई म्हणतील, युद्धातला सदरा असाच मळका, उडालेला होता, म्हणून हेच कपडे राहू द्या. त्यांच्याशी बोलताना हा समोर हवा."

"मळका कसाना?" केशरबाई पिठाच्या हातांनी उभ्याच होत्या. "फौजमा व्हता तवय हाऊ हिरवागार व्हता. नवा कोरा व्हता. रंग उडना तो पांडेसराना गेटवर. इतला वरीस उन्हमा उभा राहिनात तुन्हा आजोबा."

चैताली दारात थबकली. मग तिने टेबलावरची छोटी कात्री उचलून पिशवीत टाकली.

मास्टरांची मोटरसायकल ओलपाडच्या रस्त्याने धावत होती आणि मी पिशवीतून वाऱ्याचा घोंगाट ऐकत होतो. मला एकच गोष्ट कळत होती. माझ्यासारखं दिसण्यासाठी त्या सहा मुलांच्या अंगावरून काहीतरी काढून घेतलं होतं. आणि मी ज्याचा अभिमान बाळगला ते माझं फिकेपण युद्धातलं नव्हतंच.

वाटेत एकदा मास्टर म्हणाले, "आपल्या मुलाच्या अंगावरसुद्धा असंच घातलं असतं मी. सॅम्पल जुळलं की झालं, एवढंच बघतो आपण."

"आधी पोचू या, मास्टर," चैताली म्हणाली.

चिखलाच्या कडेला दोर बांधलेले होते. पहारेकऱ्याने अडवलं. मास्टरांनी मला पिशवीतून अर्धं बाहेर काढलं. "मॅडमने सदरा मंगाया है, अर्जंट." त्याने माझ्याकडे पाहिलं आणि दोर वर केला.

आत बांबूच्या झोपड्यांची रांग उभी होती. झोपड्यांमागून गॅसच्या नळ्या टाकलेल्या होत्या. सहा मुलं रांगेत उभी होती, हातांत लाकडी बंदुका, गालांवर काजळी. चौथा लोकेश. त्याने बहिणीला पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

आगीचं काम वाल्मिकदादा म्हणून एक धिप्पाड गृहस्थ बघत होते. चैताली थेट त्यांच्याकडे गेली.

"दादा, आग लावू नका. ते सदरे पेटतात."

"पेटत नाहीत," ते शांतपणे म्हणाले. "माझ्याकडे लॅबचा कागद आहे."

"तो कागद माझाच आहे. ती सही माझी आहे. तो धुण्याआधीचा आहे."

वाल्मिकदादांनी हातातली शिट्टी खिशात ठेवली. तेवढ्यात मनीषा धावत आल्या. लोकेशही रांग सोडून आला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "ताई, काय चाललंय? मला काढून दुसरा घेतील ना. मी काय आगीत उडी मारणार आहे? बाजूने पळायचंय नुसतं."

"शर्ट काढ."

"सगळ्यांसमोर?"

"काढ, लोकेश."

तिने त्याच्या सदऱ्याच्या आतल्या कडेची पट्टी कापली, चिमट्यात उभी धरली आणि वाल्मिकदादांच्या लायटरने खालून ज्योत लावली. मग लायटर बाजूला घेतला. ज्योत विझली नाही. ती पट्टीवर चढली, चिमट्यापर्यंत आली आणि मग चिमट्यात काही उरलं नाही. लोकेशने आपल्या उघड्या दंडावरून हात फिरवला.

"धुलाई मी दिली," कुंदन मास्टर म्हणाले.

"मी सांगितली म्हणून," मनीषा म्हणाल्या. त्यांच्या ओठांचा रंग गेला होता. "न धुतलेले आठ आहेत. ट्रकमध्ये, राखीव. ते पेटणार नाहीत?"

"आधी जाळून बघते. मग सांगते."

"आणि समजा, नाही पेटले. तरी ते कोरे आहेत गं. पाठीमागे जळणारं गाव, आणि पुढे परीटघडीचे जवान? लोक हसतील. मी वर्षभर बक्कलं मोजलीत ती कशासाठी? थोडी माती चोळते हवं तर, पण शिवणी तर गडदच राहणार. खोटं दिसेल ते." त्या रागावलेल्या नव्हत्या, मनापासून बोलत होत्या. "हा सदरा युद्धातून आलाय. हा खोटं बोलणार आहे का?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. इतक्या माणसांनी माझ्याकडे एकदम कधी पाहिलं नव्हतं. मला तोंड असतं तर मी तेव्हाच बोललो असतो.

चैतालीने कात्री काढली. माझ्या डाव्या खिशाचं झाकण केशरबाईंनी फार वर्षांपूर्वी, बटण तुटल्यावर, चारी बाजूंनी टाके घालून बंद केलं होतं. त्याच्याखाली तेव्हापासून ऊन गेलं नव्हतं. ती एकेक टाका कापत गेली. कात्रीचं टोक कापडाला लागलं नाही. मग तिने झाकण वर केलं.

खाली गडद हिरवा चौकोन होता. ओल्या शेवाळासारखा. कापड तिथे अजून कडक होतं, तिरप्या रेघा धारदार होत्या.

"हा एकाहत्तरचा रंग," चैताली म्हणाली. "बाकीचा सगळा पांडेसऱ्याचा. आजोबांनी मिलच्या फाटकावर उन्हात काढलेली वर्षं आहेत ही. युद्धात हा सदरा नवा होता, ताई. नुकताच हातात पडलेला. तुम्ही त्या मुलांना जवानाचा नाही, म्हाताऱ्या पहारेकऱ्याचा सदरा घातलाय."

मनीषांनी त्या चौकोनावर बोट ठेवलं. मग माझ्या खांद्यावर ठेवलं. मग पुन्हा चौकोनावर.

"आम्ही ह्याचं म्हातारपण शिवलं," त्या म्हणाल्या, आणि ट्रककडे वळून ओरडल्या, "राखीव खोकं आणा."

आठही सदऱ्यांच्या आतून पट्ट्या कापल्या. एकेक उभी धरली. पहिली पट्टी काळी पडली आणि विझली. दुसरीही. पाचवी विझायला जरा रेंगाळली, तर चैतालीने तो सदरा बाजूला फेकला आणि पुढची पट्टी घेतली. सात उरले. मुलं सहा. वाल्मिकदादांनी स्वतः प्रत्येकाची बटणं गळ्यापर्यंत लावली आणि बाह्या मनगटापर्यंत खाली ओढल्या.

लोकेशच्या अंगावर सदरा ढगळ झाला होता. हात हलवला की कापड करकरत होतं. "खाजतंय हे," तो म्हणाला.

"खाजू दे," चैताली म्हणाली.

शिट्टी झाली. नळ्यांतून ज्वाळा उठल्या आणि बांबू तडतडू लागले. मला चैतालीने छातीशी घट्ट धरलं होतं, त्यामुळे मला दिसत कमी होतं आणि तिच्या छातीचे ठोके जास्त ऐकू येत होते. पहिला पळाला. दुसरा, तिसरा. चौथा निघाला तेवढ्यात खाडीवरून वारा फिरला आणि ज्वाळेची जीभ आडवी झाली. ती लोकेशच्या डाव्या बाहीवर पडली. चैतालीची नखं माझ्यात रुतली. लोकेश धडपडला, उठला, पळत राहिला, आणि चिखलातल्या खुणेपलीकडे जाऊन आडवा पडला. दोन माणसं ओली घोंगडी घेऊन त्याच्यावर झेपावली.

मित्रांनो, त्यानंतर मला पुन्हा इस्त्रीखाली घातलं नाही. माझी झाकणं आता उघडी असतात. तुमच्या घरातही माझ्यासारखं काहीतरी जुनं असेल. त्याला नीट जपा, उन्हात टाकू नका, फडकं करू नका. पण नुसतं त्याच्यासारखं दुसरं बनवायला जाऊ नका. आधी विचारा, की बाबा रे, तुझ्यावर हे कधी आलं? कोणतं युद्धात आलं, आणि कोणतं नंतर, फाटकावर उभं राहून? जुन्या वस्तू खोटं बोलत नाहीत. त्यांना पूर्ण विचारावं मात्र लागतं.

त्या दिवशी घोंगडी बाजूला केल्यावर चैतालीने पिशवीतून मोजपट्टी काढली, लोकेशशेजारी चिखलातच बसली आणि मोठ्याने वाचत गेली. कुंदन मास्टर ऐकत उभे होते. डावी बाही, बाहेरून: काळा भाग, लांबी अकरा सेंटीमीटर, रुंदी चार. आतून: काळा भाग, लांबी दोन सेंटीमीटर. भोक: नाही. हात, मनगटापासून कोपरापर्यंत: लाली एका जागी, फोड शून्य.